शिडाच्या बोटींची रेस: टॅक, लेलाइन, मार्करूम आणि बाकीची भानगड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई हार्बरमध्ये पावसाळा संपला की रेसिंगचा सीझन सुरू होतो आणि दरवर्षी तेच प्रश्न नव्याने येतात, नवीन क्रूकडून, ऑप्टिमिस्टमध्ये (लहान मुलांची छोटी शिडाची बोट) पोरं टाकलेल्या आईबाबांकडून, आणि गेटवेवर उभं राहून "हे सगळे उलटसुलट का चाललेत" विचारणाऱ्या मित्रांकडून. मी बरीच वर्षं एंटरप्राइजवर (दोघांनी चालवायची बोट) आधी क्रू आणि मग सुकाणूवर बसून घालवलीत, चॅम्पियन वगैरे अजिबात नाही, बहुतेक वेळा फ्लीटच्या, म्हणजे रेसमधल्या सगळ्या बोटींच्या, मधल्या गर्दीत असतो, पण मधल्या गर्दीतच सगळ्यात जास्त चुका बघायला मिळतात म्हणून लिहायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

सगळे एकाच दिशेने का नाही जात? रेस आहे ना?

कारण पहिला मार्क, म्हणजे ज्याला वळसा घालायचा तो बोया, वाऱ्याच्या तोंडावर असतो आणि शिडाची बोट सरळ वाऱ्यात जाऊच शकत नाही. साधारण ४५ अंशाच्या कोनात जाते, म्हणजे आधी डावीकडे तिरकं, मग वळून उजवीकडे तिरकं, असं नागमोडी वर चढायचं, याला बीट म्हणतात. मग मार्क वळून वाऱ्याच्या पाठीवर खाली यायचं, तो रन, आणि वारा आडवा घेऊन गेलात तर रीच. आता वर जायला डावीकडून सुरुवात करायची की उजवीकडून, कुठे वळायचं, किती वेळा वळायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, म्हणून किनाऱ्यावरून बघताना भेळ झाल्यासारखी दिसते. कोण पुढे आहे हे नवख्याला कळतच नाही आणि खरं सांगायचं तर बोटीवर बसलेल्यांनाही बऱ्याचदा मार्कजवळ आल्यावरच कळतं.

पोर्ट आणि स्टारबोर्ड, एकदाचं नीट सांगा.

वारा बोटीच्या उजव्या बाजूने येतोय म्हणजे तुम्ही स्टारबोर्ड टॅकवर, शीड आणि बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) डावीकडे. वारा डावीकडून म्हणजे पोर्ट टॅक. आणि अख्ख्या खेळातला सगळ्यात मोठा नियम, नियम १०: पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. बस. तुम्हाला पाण्यावर "स्टारबोर्ड!" अशी आरोळी ऐकू येते ती हीच, रस्त्यावर हॉर्न मारतात तशी, फक्त इथे हॉर्न मारणाऱ्याचा खरंच हक्क असतो.

दोघं एकाच टॅकवर आणि शेजारी-शेजारी असतील तर वाऱ्याकडच्या बोटीने खालच्या, म्हणजे वाऱ्यापासून लांबच्या, बोटीला जागा द्यायची (नियम ११). एकामागे एक असतील तर मागच्याने सांभाळायचं (१२). टॅक मारत, म्हणजे वाऱ्यातून वळत असताना तुम्हाला कसलाच हक्क नाही, नवीन टॅकवर नीट सेट होईपर्यंत सगळ्यांपासून दूर राहायचं (१३). या चार नियमांवर निम्मी रेस निघते. पाठ करा, बाकीचं पुस्तक नंतर वाचा. नियमांचं पुस्तक दर चार वर्षांनी बदलतं, सध्याचं २०२५ ते २०२८ चं आहे, जुनी पीडीएफ वापरून भांडू नका.

टॅक आणि जाइबमध्ये फरक काय?

नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्यातून फिरवून वळलात तर टॅक, बोटीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवलीत तर जाइब. टॅकमध्ये शीड फडफडत शांतपणे दुसरीकडे जातं, जाइबमध्ये बूम एका झटक्यात येतो. कपाळावरची टेंगळं बहुतेक जाइबचीच असतात.

टॅक नीट मारायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आमचा प्रत्येक वेळी बोट थांबल्यासारखी होते.

थांबतेच, कारण सुकाणू जोरात ढकललेलं असतं. सुकाणू पाण्यात आडवं झालं की तो ब्रेक आहे. कमी वाऱ्यात जो रोल टॅक मारतात तो बघा कसा असतो: हेल्म (सुकाणूवरचा) "रेडी?" म्हणतो, क्रू जिबची (पुढच्या छोट्या शिडाची) दोरी क्लीटमधून, म्हणजे दोरीच्या खाचेतून, काढून हातात धरतो, मग बोट जराशी खालच्या बाजूला कलू द्यायची म्हणजे ती आपणहून वाऱ्याकडे वळायला लागते, सुकाणू फक्त तिच्या मागे मागे जातं. जिब फडफडायला लागलं की दोघांनीही वाऱ्याकडच्या कडेवर वजन टाकून बोट स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायची, पार कुल्ले ओले होईपर्यंत, आणि बूम डोक्यावरून गेला की मगच उठून पलीकडे जायचं आणि बोट सपाट दाबायची. या दाबण्यात शिडाला जो वाऱ्याचा फटका मिळतो त्याने बोट वेग घेऊन बाहेर पडते. नवीन क्रूची चूक ठरलेली: बूम यायच्या आधीच घाईने पलीकडे उडी. मग बोट सपाटच राहते, शीड रिकामं, आणि सगळे तीन सेकंद एकमेकांकडे बघत बसतात.

एका बीटवर किती टॅक मारावेत?

आकडा नाही. पण एक हिशेब डोक्यात ठेवा, टॅक फुकट नसतो. कितीही सफाईने मारलात तरी एखाद-दोन बोटींची लांबी जाते, आमच्यासारख्यांची तीन जाते. म्हणून मारायच्या आधी स्वतःला विचारायचं की याच्या बदल्यात काय मिळतंय. चांगला वारा मिळतोय? हेडर आलाय म्हणून (तो काय ते पुढच्याच प्रश्नात)? पुढच्याच्या शिडाने बिघडवलेल्या घाण हवेतून सुटतोय? मार्कची लाइन आली? यातलं एकही उत्तर नसेल आणि नुसतं "बाकीचे वळले म्हणून" वळत असाल तर गप बसा. क्लब रेसमध्ये हुशारी कमी पडली म्हणून कमी लोक हरतात, चुळबुळ जास्त केली म्हणून जास्त हरतात, हे माझं मत, पटत नसेल तर स्वतःच्या मागच्या पाच रेस आठवा.

लिफ्ट आणि हेडर म्हणजे काय?

वारा कधीच एका दिशेने वाहत नाही, थोडा डावीकडे थोडा उजवीकडे झुलत असतो. तुम्ही बीटवर असताना वारा असा फिरला की नाळ मार्कच्या जास्त जवळ रोखता येते, तर ती लिफ्ट. उलटा फिरला आणि नाळ मार्कपासून लांब ढकलली गेली तर हेडर. नियम सोपा: लिफ्टवर चालत राहा, हेडर आला की टॅक मारा, कारण तुमचा हेडर म्हणजे दुसऱ्या टॅकवरची लिफ्ट.

यात किती फायदा आहे ते बघा. दोन बोटी अगदी बरोबरीत आहेत पण आडव्या १०० मीटर लांब. वारा १० अंश फिरला. ज्या बाजूला फिरला त्या बाजूची बोट एका झटक्यात जवळपास २५ मीटर पुढे. कोणी जास्त जोरात चालवलं नाही, कोणी काही केलं नाही, फक्त बरोबर बाजूला उभा होता. म्हणून जाणते लोक अर्धा वेळ शिडाकडे आणि अर्धा वेळ कंपासकडे बघतात.

पण प्रत्येक छोट्या हेडरवर उड्या मारू नका. तीन-चार सेकंदांचा असेल तर तो शिफ्ट नाही, वाऱ्याची उचकी आहे. जरा थांबा, टिकतोय का बघा, मग वळा. आणि वारा झुलत नसून एकाच दिशेला सरकत चालला असेल तर खेळ वेगळा, तेव्हा ज्या बाजूला सरकतोय त्या बाजूला आधी जायचं, भले जाताना हेडर खावा लागला तरी.

मुंबईत वारा कुठून येतो, कुठली बाजू घ्यावी?

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, परीक्षेत दोन मार्कांना यायचे, तेच इथे उपयोगी पडतात. सकाळी मतलईचा उरलासुरला मंद वारा असतो, मग मध्ये एक भयाण शांत तास जातो ज्यात सगळे सँडविच खातात, आणि दुपारी खारा वारा पश्चिमेकडून भरतो. तो बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत उजवीकडे म्हणजे वायव्येकडे सरकत जातो, म्हणून दुपारच्या रेसला शंका असेल तर उजवी बाजू असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात आणि दहातल्या सात वेळा ते बरोबर येतं. उरलेल्या तीन वेळा तुम्ही एकटेच उजव्या कोपऱ्यात असता.

दुसरी गंमत अशी की हा वारा हार्बरमध्ये पोचायच्या आधी दक्षिण मुंबईच्या इमारतींवरून येतो, त्यामुळे कुलाब्याच्या जवळ गेलात की तो तुकड्या-तुकड्याने येतो, एक जोरदार झोत, मग भोक, मग दुसऱ्याच दिशेचा झोत. पाण्यावर काळपट सुरकुत्या दिसतात तो झोत. क्रूने डोळे तिथे ठेवायचे.

तिसरं, पाणी. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ते सगळं सहा तासांत परत बाहेर जातं, तेव्हा कमी वाऱ्यात बोटीपेक्षा ओहोटीच जास्त पळते. भांगाच्या दिवसांत एवढा त्रास नाही. रेसच्या आदल्या रात्री वाऱ्याची चार ॲप बघणारे लोक भरतीचं टेबल बघत नाहीत याचं मला कायम आश्चर्य वाटतं, ते तर वर्षभर आधी छापून येतं आणि चुकत पण नाही. ओहोटी जोरात असेल तर कडेच्या उथळ पाण्यात प्रवाह कमी असतो, मधल्या खोल पट्ट्यात जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी दोन-चार बोटी मागे टाकता येतात.

लेलाइन काय असते?

ज्या रेषेवरून आता पुन्हा टॅक न मारता थेट मार्कपर्यंत पोचता येईल ती लेलाइन. दोन असतात, डावी आणि उजवी. तिथे लवकर पोचणं ही नवशिक्यांची आवडती चूक. एकदा लेलाइनवर गेलात की तुमचे सगळे पर्याय संपले, लिफ्ट आली तर तुम्ही मार्कच्या उगाच वर गेलेले, हेडर आला तर परत दोन टॅक, आणि समोर कोणी येऊन टॅक मारला तर त्याची घाण हवा मार्कपर्यंत खायची. शक्यतो मधल्या पट्ट्यात राहा आणि शेवटच्या तुकड्यात लेलाइन पकडा. प्रवाह असेल तर डोळ्यांनी दिसणारी लेलाइन खोटी असते, मार्कच्या मागे किनाऱ्यावरची एखादी खूण धरून बघा, मार्क त्या खुणेवर कुठे सरकतोय त्यावरून कळतं आपण पोचणार की वाहून जाणार.

स्टार्टला एवढा गोंधळ का असतो? आणि तो भोंगा कशाचा?

स्टार्ट लाइन म्हणजे एका टोकाला कमिटी बोट आणि दुसऱ्या टोकाला एक बोया, ज्याला पिन म्हणतात, त्यांच्यामधली काल्पनिक रेषा. क्रिकेटसारखं उभं राहून सुरू करता येत नाही कारण बोटीला ब्रेक नाही. पाच मिनिटं आधी क्लासचा (बोटीच्या प्रकाराचा) झेंडा वर आणि भोंगा. चार मिनिटांना दुसरा झेंडा, साधारण पी फ्लॅग. एक मिनिट उरलं की तो खाली. शून्यावर क्लासचा झेंडा खाली, आणि त्या क्षणी तुमच्या बोटीचा कुठलाही भाग लाइनच्या पलीकडे नको. खरं घड्याळ झेंडा असतो, भोंगा नाही वाजला तरी झेंड्यावरच वेळ धरतात.

त्या पाच मिनिटांत करायची कामं अशी. पहिलं, लाइन सरळ आहे का बघा: लाइनच्या मध्यावर जाऊन बोट वाऱ्यात उभी करा, नाळ ज्या टोकाकडे जास्त झुकते ते टोक वाऱ्याच्या जवळ, म्हणजे फायद्याचं. दुसरं, ट्रान्झिट घ्या: कमिटी बोटीच्या बाजूने पिनकडे बघा आणि पिनच्या बरोबर मागे किनाऱ्यावर काय दिसतं ते लक्षात ठेवा, एखाद्या इमारतीची कड, मोबाइलचा टॉवर काहीही. नंतर लाइनच्या मध्ये असताना पिन त्या कडेवर आली की तुम्ही बरोबर लाइनवर आहात. हे न करणारे सगळे घाबरून लाइनच्या एक-दोन बोट लांबी मागे थांबतात, ज्याला मिडलाइन सॅग म्हणतात, आणि ज्याच्याकडे ट्रान्झिट आहे तो त्या खळग्यातून एकटा पुढे येतो. आमच्याकडे मुंबईत तर कडेला इमारतींना काही तोटा नाही, फुकटचा फायदा आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या खालच्या बाजूला जागा करून ठेवा. शेवटच्या मिनिटात सगळे एकमेकांना चिकटून स्टारबोर्डवर सरकत असतात, शेवटच्या दहा सेकंदांत वेग घ्यायला नाळ जरा खाली पाडावी लागते, आणि खाली पडायला जागा नसेल तर तुम्ही तिथेच अडकलात, दोन्हीकडचे निघून जातात. जागा करायची म्हणजे खालच्या बोटीपासून वर सरकत राहायचं आणि वरच्याला आपल्या डोक्यावर येऊ द्यायचं नाही.

बार्जिंग करू नको असं सारखं ओरडतात, ते काय?

कमिटी बोटीच्या बाजूने वरून घुसायचा प्रयत्न. स्टार्टला त्या टोकाशी खालच्या बोटीने तुम्हाला जागा द्यायची काहीही सक्ती नाही, मार्करूमचा, म्हणजे मार्कला वळायला जागा मिळण्याचा, नियम तिथे लागूच होत नाही. ती वर आली की तुम्ही कमिटी बोटीच्या अँकरच्या दोरीत. बघणाऱ्यांना मजा येते.

लवकर निघालो तर?

एक्स फ्लॅग आणि एक भोंगा म्हणजे एक-दोन जण आधी गेले, परत येऊन पुन्हा लाइन ओलांडा. फारच जण गेले की जनरल रिकॉल, सगळ्यांनी परत या. तरी पोरं ऐकत नसतील तर यू फ्लॅग नाहीतर काळा झेंडा, मग शेवटच्या मिनिटात लाइनच्या पलीकडच्या त्रिकोणात सापडलात की बाद, परत यायची पण सोय नाही.

डर्टी एअर आणि कव्हर करणं म्हणजे काय?

शिडातून गेलेला वारा वाकडा आणि थकलेला असतो, त्याच्या मागे आणि खाली जो आहे त्याला तो उष्टा वारा मिळतो. ढोबळ हिशेब डोलकाठीच्या पाच-सहा पट अंतरापर्यंत त्रास होतो. तुम्ही पुढे असाल तर मुद्दाम मागच्याच्या वाऱ्यात जाऊन बसता येतं, याला कव्हर म्हणतात. तो टॅक मारेल तेव्हा तुम्हीही मारायचा, म्हणजे त्याला ना स्वच्छ हवा मिळते ना वेगळ्या वाऱ्याची लॉटरी.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९८३ चा अमेरिकाज कप, न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड. १३२ वर्षं कप अमेरिकनांकडे, न्यूयॉर्क यॉट क्लबच्या ताब्यात. डेनिस कॉनरची अमेरिकन बोट लिबर्टी सात रेसपैकी ३-१ ने पुढे होती, मग जॉन बर्ट्रंडच्या ऑस्ट्रेलिया २ ने ३-३ केलं. बोटीच्या पंखवाल्या कीलबद्दल (तळाचा वजनदार पाता) सगळे बोलतात, पण मला सातव्या रेसमधला पाचवा लेग जास्त आवडतो, तो रनचा लेग. कॉनर पुढे होता, बर्ट्रंड वेगळ्या बाजूला गेला, कॉनरने त्याला तसाच सोडला, आणि तिकडे वारा चांगला निघाला, ऑस्ट्रेलियन पुढे आले. मग शेवटच्या बीटवर कॉनरने सुटण्यासाठी ४७ टॅक मारले आणि बर्ट्रंडने तो जिकडे जाईल तिकडे जाऊन कव्हर सोडलं नाही. ४१ सेकंदांनी जिंकला. एकाने कव्हर सोडलं, दुसऱ्याने धरून ठेवलं.

पण हे दोन बोटींच्या मॅच रेसचं झालं. तीस बोटींच्या फ्लीटमध्ये एकाला कव्हर करत बसलात तर बाकीचे २८ टाटा करून जातात. फ्लीटमध्ये कव्हर फक्त सिरीजच्या शेवटी, जेव्हा एकाच माणसाला हरवायचं असतं.

लीबो आणि स्लॅम डंक?

तुम्ही पोर्टवर आहात, समोरून स्टारबोर्डवाला येतोय, पुढून जाता येत नाही. दोन पर्याय: त्याच्या मागून खाली वाकून जा, म्हणजे डक करा, किंवा त्याच्या जरा पुढे आणि खालच्या बाजूला टॅक मारून बसा. हा दुसरा म्हणजे लीबो. तुमच्या शिडावरून वळलेली हवा त्याच्या शिडावर चुकीच्या बाजूने पडते, दोन मिनिटांत तो कंटाळून टॅक मारून जातो. जमला तर सुंदर, पण तुमचा टॅक पूर्ण व्हायच्या आधी त्याला हलावं लागलं तर दोष तुमचा. आणि टॅक सावकाश मारलात तर तो वरून आरामात निघून जातो.

स्लॅम डंक म्हणजे याच्या उलट: पोर्टवाला डक करून तुमच्या मागून जातोय, तो गेल्या-गेल्या तुम्ही त्याच्या डोक्यावर टॅक मारून त्याला दाबायचं. आमच्या नाखव्याचा हा आवडता डाव आहे आणि पाचातला एक जमतो. डक करायला लाज वाटून घेऊ नका, दोन मीटर खाली गेल्याने काही बिघडत नाही, उलट नाळ खाली पाडल्यावर वेग वाढतो तो वर परत येताना वापरता येतो.

मार्करूम? सगळ्यात जास्त भांडणं यावरच का होतात?

कारण सगळ्यांना एकाच वेळी एकाच बोयाला वळायचं असतं. मार्कभोवती तीन बोट लांबीचा एक न दिसणारा गोल असतो, झोन. ऑप्टिमिस्ट २.३ मीटरची, म्हणजे तिचा झोन सात मीटरचा. पहिली बोट झोनमध्ये शिरताना दोघं ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी, असतील तर बाहेरच्याने आतल्याला वळायला जागा द्यायची, आणि नंतर ओव्हरलॅप तुटला तरी द्यायची. मागे असाल तर मागेच राहा, झोनमध्ये शिरल्यावर आत नाळ घुसवून हक्क मागता येत नाही. "रूम! रूम!" ओरडून हक्क तयार होत नाही हे काही लोकांना वीस वर्षांत कळलेलं नाही.

वरच्या मार्कला वेगळी भानगड. बीटवर समोरासमोरच्या टॅकवरच्या बोटींना मार्करूम नाही, तिथे साधं पोर्ट-स्टारबोर्ड. आणि पोर्टवर येऊन झोनच्या आत टॅक मारलात आणि स्टारबोर्डवर आधीपासून आलेल्या बोटीला धडक टाळायला वाऱ्यात जास्त वर चढावं लागलं तर तुम्ही चुकलात. मी हे स्वतःवर करून बघितलंय. एका शनिवारी सहावा-सातवा असेन, पोर्ट लेलाइनवर एकटाच, मस्त वाटत होतं, मार्कशी पोचलो तर स्टारबोर्डवर अकरा बोटींची रांग, विरारच्या लोकलच्या दाराशी असते तशी, फट कुठेच नाही. एक फट दिसली असं वाटलं, टॅक मारला, वेग शून्य झाला, मागच्याने माझ्यासाठी नाळ वर घेतली, त्याच्या मागच्याने शिवी दिली, आणि मी मार्कला चिकटलो ते वेगळंच. शिक्षेचे सगळे गोल घेऊन होईपर्यंत मागे फक्त रेस्क्यू बोट उरली होती. तेव्हापासून वरच्या मार्कला शेवटचा तुकडा स्टारबोर्डवर यायचं म्हणजे यायचंच.

खालच्या मार्कला वळताना आत शिरताना लांबून या आणि बाहेर पडताना मार्कला खेटून निघा. उलटं केलंत तर मागचा तुमच्या आणि मार्कच्या मधून वर निघतो आणि पुढचा पूर्ण बीट तुम्ही त्याची उष्टी हवा खाता.

रनवर तर सगळे नुसते बसलेले दिसतात?

दिसतात. पण तिथे मागचा माणूस खतरनाक, कारण वारा त्याच्याकडून येतो आणि तो तुमच्या शिडावर सावली टाकतो. म्हणून रनवर मान सारखी मागे. आमच्या रेस्क्यू बोटीवरचे काका म्हणायचे, "वर जाताना पुढं बघ, खाली येताना पाठी बघ," आणि मला अजून यापेक्षा चांगलं कोणी शिकवलेलं नाही. शिफ्टचा नियम पण उलटा होतो, बीटवर हेडरला टॅक मारतो तसं रनवर लिफ्ट आली की जाइब.

लफिंग करून, म्हणजे नाळ वाऱ्याकडे वळवून, वर ढकलत नेलं, हे चालतं?

चालतं. खालच्या बोटीला हक्क आहे, ती वाऱ्याकडे वर चढली तर तुम्ही दूर व्हायचं, फक्त तिने तुम्हाला सरकायला वेळ द्यायला हवा. अपवाद: ती मागून येऊन दोन बोट लांबीच्या आत तुमच्या खाली घुसली असेल तर तिला आपल्या योग्य मार्गापेक्षा वर जाता येत नाही.

शीड सारखं ओढून पंप करणं चीटिंग आहे का?

हो, नियम ४२. बोट वाऱ्याने आणि पाण्याने चालवायची, अंगाने हलवून किंवा शीड वल्ह्यासारखं मारून नाही. लाटेवर किंवा झोतावर बोट घसरायला लागावी म्हणून एक ओढ चालते. मोठ्या स्पर्धांत ज्युरी रबरी बोटीतून फिरते, शिट्टी आणि पिवळा झेंडा दाखवला की दोन गोल घ्यायचे.

गोल म्हणजे?

पेनल्टी. दुसऱ्या बोटीशी नियम मोडला तर लगेच बाजूला होऊन दोन पूर्ण गोल, प्रत्येकात एक टॅक आणि एक जाइब. मार्कला नुसतं शिवलात तर एक. अंपायर नसतो, स्वतःहून घ्यायचे.

आणि समोरचा मानतच नसेल तर?

"प्रोटेस्ट!" असं तिथल्या तिथे ओरडा, बोट सहा मीटर किंवा मोठी असेल तर लाल झेंडाही लावा, आणि किनाऱ्यावर आल्यावर वेळेत फॉर्म भरा. मग संध्याकाळी एका टेबलावर छोट्या खेळण्यातल्या बोटी सरकवून दोन मोठी माणसं "मी इथे होतो, हा इथून आला" करत बसतात. साक्षीदार आणा. ज्याला अंतर बोटीच्या लांबीत आणि वेळ सेकंदात सांगता येते तो बहुतेक जिंकतो, ज्याला फक्त राग सांगता येतो तो हरतो.

पहिला आलेल्याला एक पॉइंट? उलटं नाही का?

पहिल्याला १, दुसऱ्याला २, असं. कमी पॉइंट तो वर. बाद झालात किंवा रेस पूर्ण केली नाहीत तर सिरीजमधल्या एकूण बोटी अधिक एक. सगळ्यात वाईट रेस सहसा वगळतात, तो डिसकार्ड.

या डिसकार्डमुळे विचित्र डाव होतात. सिडनी २००० च्या ऑलिम्पिकमध्ये लेझर क्लासच्या (एकट्याने चालवायची बोट) शेवटच्या रेसला ब्रिटनचा बेन एन्सली आणि ब्राझीलचा रॉबर्ट शाइट असे दोघंच गोल्डसाठी होते. शाइट खूप मागे पडला तरच एन्सलीला गोल्ड मिळणार होतं. म्हणून एन्सलीने रेस जिंकायचा प्रयत्नच सोडला आणि शाइटच्या वाऱ्यावर बसून त्याला पार मागे नेलं, शाइट वैतागला, नंतर बादही झाला, गोल्ड एन्सलीला. चार वर्षं आधी अटलांटाला हेच दोघं शेवटच्या रेसला स्टार्टला लवकर गेले होते आणि बाद झाले होते, तेव्हा गोल्ड शाइटला मिळालं होतं. हे रडीचं आहे का? नियमात बसतं, स्वतःचा नंबर सुधारण्यासाठी दुसऱ्याला अडवता येतं. मित्राला जिंकवण्यासाठी तिसऱ्याला अडवलंत तर मात्र ती लबाडी. मला स्वतःला ती रेस थोर वाटते, माझ्या बायकोला ती रेसच वाटत नाही.

भारतात कोणी हे मोठ्या पातळीवर खेळतं का?

खेळतं की. १९८२ च्या एशियाडचं सेलिंग मुंबईतच झालं होतं आणि फायरबॉल क्लासमध्ये फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी गोल्ड घेतलं. अलीकडे विष्णू सरवणन, जो मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमधून तयार झाला, टोकियो आणि पॅरिस दोन्ही ऑलिम्पिक खेळला आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये ब्राँझ आणलं. नेहा ठाकूरने तिथेच सिल्व्हर घेतलं, ती भोपाळच्या तलावावर शिकली. समुद्र लागतोच असं नाही. हैदराबादच्या हुसेनसागरला तर रेसिंगचा मोठा आठवडा ऐन जुलैत असतो, जेव्हा आमच्या बोटी मुंबईत ताडपत्रीखाली असतात.

दिलीप दोंदे यांची म्हादेई या शिडाच्या बोटीवरची एकट्याची पृथ्वी प्रदक्षिणा यात धरू नका, ती वेगळी आणि कितीतरी कठीण गोष्ट, पण तिथे पोर्ट-स्टारबोर्डवरून भांडायला शेजारी कोणी नसतं.

शनिवारी पहिल्यांदा क्रू म्हणून बोलावलंय. बोटीवर काय करू?

हातमोजे, टोपीला दोरी, लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घट्ट करून. पाणी जास्त न्या. बोटीवर हेल्मला सल्ला देऊ नका, बातमी द्या, यात फार फरक आहे. "आता टॅक मार ना" हा सल्ला. "झोत येतोय, तीन, दोन, एक" ही बातमी. "स्टारबोर्डवर एक बोट, आपण पुढून जात नाही" ही बातमी. "डावीकडचे सगळे लिफ्ट झालेत" ही तर सोन्यासारखी बातमी. बोटीच्या खालच्या बाजूला जिबच्या मागे काय येतंय ते हेल्मला दिसत नाही, तेवढा भाग पूर्ण तुमचा. आणि त्याने "जाइब" म्हटलं की काहीही विचारत बसू नका, आधी डोकं खाली.